पेशंटसोबत कोण?

तुळशीरामभाऊ निमकर आजारी मासे भरती करून घेतात, पण माशासोबत माणूस असेल तरच. एकटा मासा ते घेत नाहीत. तुम्ही बरणी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलात की ते बरणीकडे बघत नाहीत. आधी तुमच्या मागे आणखी कोणी आलंय का ते बघतात आणि विचारतात, "पेशंटसोबत कोण राहीन?"

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा मी हसले. ते हसले नाहीत.

"हसू नका बाई. बिनासोबतीचा पेशंट लवकर सुधरत नाही. रोज चार ते पाच या लागते. जमत असन तं ठेवा, नाई तं घेऊन जा."

मी अमरावतीत एका शाळेत मराठी शिकवते. नवरा, अविनाश, अकोल्याला नोकरीला आहे. रोज सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळी परत येतो आणि आल्या आल्या जेवायला काय आहे ते विचारतो. आमची मुलगी रेवती यंदा पुण्याला शिकायला गेली आणि जाताना तिची गोल्डफिश आमच्या गळ्यात बांधून गेली. माशाचं नाव टिकली. अविनाशनेच तो मासा अकोल्याच्या एका दुकानातून पिशवीत घालून आणला होता. निघताना रेवती म्हणाली, "आई, दिवाळीला येईन तेव्हा मला टिकली जिवंत दिसली पाहिजे." आमच्या दोघांबद्दल तिने अशी काही अट घातली नाही.

जुलैत एके दिवशी शाळेतून आले तर टिकलीचा डावा डोळा बाहेर आलेला. चांगला भिजलेल्या वाटाण्याएवढा. मी अविनाशला फोन केला. घरात कोणाचाही डोळा दुखला की त्याच्या आईचा एकच इलाज असे, आणि तो त्याने संध्याकाळी घरी येऊन अमलात आणला. गुलाबजलाची अर्धी बाटली त्याने टाकीत ओतली. घरभर लग्नाचा वास सुटला. टिकली तळाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पानठेल्याच्या राजूने मला सांगितलं, "म्याडम, मागच्या गल्लीत जा. तुळशीरामभाऊ. मासोयीच्या डोयाचा असा माणूस सगळ्या जिल्ह्यात नाही." बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, डोळ्याला आमच्या वऱ्हाडात डोया म्हणतात आणि मासोळीला मासोयी. तुळशीरामभाऊंचा सगळा कारभार याच दोन शब्दांवर चालतो.

मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं बैठं घर. पुढे पत्र्याच्या सावलीतला ओटा आणि त्यावर ओळीने मांडलेले पाच प्लास्टिकचे टब. प्रत्येक टबावर हिरवं कापड. हा वॉर्ड. भिंतीला पाटी टांगलेली, खडूने लिहिलेली : 'सोबतीशिवाय पेशंट भरती होणार नाही. गोंगाट करू नये.' पाटीखाली सदुसष्ट वर्षांचे, काटकुळे, पांढरा सदरा घातलेले गृहस्थ. सदऱ्याच्या खिशाला पेन आणि पाण्यात बुडवायचं थर्मामीटर.

"एक डोया का दोन?" हा त्यांचा दुसरा प्रश्न.

"एक. डावा."

"मंग ठोकर हाये. टाकीत काय ठेवलं? किल्ला? शिंपला?"

टाकीत सिमेंटचा किल्ला होता. रेवतीनेच हौसेने ठेवलेला.

"काढा तो. कायले पायजे मासोयीले किल्ला? तिले कोणासंग लढाई कराची हाये?" त्यांनी बरणीचं झाकण काढलं, आत नाक घातलं आणि झटक्यात डोकं वर केलं. "पाण्यात काय टाकलं?"

मी खाली बघितलं. वर्गात गृहपाठ न केलेली मुलं बघतात तसंच.

"गुलाबजल."

"बाप्पा! लगन लावून राहिले का मासोयीचं?"

तुळशीरामभाऊंचं शास्त्र सोपं आहे आणि ते मी आता झोपेतही सांगू शकते. एकच डोळा बाहेर आला तर मासा कुठेतरी आदळला. दोन्ही डोळे आले, किंवा दोन्हींवर धुकं धरलं, तर दोष पाण्याचा. "अन् पाणी मासोयी भरत नाही, बाई. पाणी घरचे लोकं भरते." म्हणजे दोन डोळ्यांचा पेशंट घेऊन येणारा माणूस त्यांच्या ओट्यावर आरोपी म्हणूनच उभा राहतो. माझा एकच डोळा होता म्हणून मला बसायला स्टूल मिळालं.

औषध म्हणाल तर फारसं काही नाही. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी, रोज थोडं काढायचं आणि थोडं घालायचं. त्यात मेडिकलमधून आणलेलं जुलाबाचं मीठ, चिमटीने. खाणं कमी. उजेड कमी. डोळ्यात थेंब टाकायचे नाहीत, माशाला हात लावायचा नाही. बाकी पथ्य सगळं माणसांना. टिकलीला घरी सोडताना त्यांनी मला लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलेलं पथ्य अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. त्यात पहिलीच ओळ अशी : 'टाकी असलेल्या घरात आठ दिवस मिरचीची फोडणी बंद.'

"भाऊ, फोडणीचा आणि माशाचा काय संबंध?"

"टाकीत हवा सोडणारं मशीन हवा कुठून घेते? घरातून. तुमी ठेच्याले मिरच्या परतल्या का तुमी खोकलता, दार उघडून बाहेर पळता. मासोयीनं कुठी पळावं?"

अविनाशजवळ याला उत्तर होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. वऱ्हाडातल्या माणसाला आठ दिवस फोडणीशिवाय वरण वाढणं म्हणजे काय, ते वाढणाऱ्यालाच माहीत.

ही सगळी विद्या त्यांनी आणली कुठून? घर चांदूर बाजाराकडचं, माळ्याचं. भावांनी झेंडू-शेवंती आणि वांगी-टमाटे लावले. हे अमरावतीला आले आणि एका दवाखान्याच्या डोळ्यांच्या वॉर्डात शिपाई म्हणून लागले. तीस वर्षं मोतीबिंदूच्या पेशंटांना हाताला धरून टेबलापर्यंत नेलं आणि टेबलापासून खाटेपर्यंत आणलं. कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ते चुकू नये म्हणून कपाळावर, त्या डोळ्याच्या वर, चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, हे काम त्यांचं. "एक डोया का दोन" हा प्रश्न तिथला. हिरवं कापड तिथलं. सोबत तर तिथलीच. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणत, "वॉर्डात सुट्टी नाई भेटली."

त्यांच्याकडे शाळेसारखं मोठं हजेरीपुस्तक आहे. त्यात रकाने : पेशंट, तक्रार, सोबत, नातं. टिकलीच्या ओळीत माझं नाव लिहून नात्याच्या रकान्यात त्यांनी विचारपूर्वक 'माय' असं लिहिलं. तेव्हापासून मी त्या ओट्यावर माय झाले. चार वाजता मी गल्लीत वळले की ते आत बघून, म्हणजे टबाकडे बघून सांगत, "आली व तुही माय."

चार ते पाचची ती वेळ बघण्यासारखी असे. राजू पानठेला भावाच्या हवाली करून येई. त्याचा मासा 'शेठ', कपाळावर टेंगूळ असलेला, अंगाने भारदस्त. राजू रजिस्टरमध्ये 'बाप'. वानखडे काकू गुडघ्यांना हात लावत लावत येत, त्यांच्याकडे दोन पट्टेवाले मासे होते आणि त्या 'आजी'. आम्ही आपापल्या टबाजवळ बसायचं, कापडाची कड उचलून बघायचं, पुन्हा खाली सोडायचं. बोलायचं हळू. चहा तुळशीरामभाऊंचा. दवाखान्यात भेटायला गेल्यावर लोक जे बोलतात तेच आम्ही बोलत असू : काल कसा होता, आज जरा तरतरी दिसते, भूक आहे ना. पहिल्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. चौथ्या दिवशी मी शाळेची मीटिंग अर्धवट सोडून निघाले.

पाचव्या टबातला मासा कोणाचाच नव्हता. काळा, म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कोणीतरी डबीत घालून ओट्यावर ठेवून गेलं होतं. त्याचं नाव पाटील.

"याले इलाज नाही," तुळशीरामभाऊ म्हणाले. "म्हातारपणाचा हाये. पण जगते आरामात. फक्त त्याची दुनिया हलवाची नाही. गोटा जिथी हाये तिथीच पायजे, खाणं रोज त्याच कोपऱ्यात पायजे." त्यांनी टबाच्या काठावर चमचा वाजवला. टक टक. पाटील तळातून सरळ त्या कोपऱ्यात वर आला आणि तोंड उघडून उभा राहिला.

"पण भाऊ, याच्यासोबत कोण?" मी विचारलं.

"मी हाओ ना," ते म्हणाले. रजिस्टरमध्ये पाहिलं तर खरंच होतं. सोबत : तुळशीराम निमकर. नातं : भाऊ.

डिस्चार्जचा सोहळा असे. टिकलीचा डोळा बाराव्या दिवशी जागेवर बसला तेव्हा त्यांनी मला टबासमोर वाकून, तोंड पाण्याजवळ आणून उभं केलं आणि मग हळूच कापड काढलं.

"हलू नका. पट्टी सोडली का पयले आपलं माणूस दिसलं पायजे."

मग ते बोलले. वॉर्डात खेड्यापाड्यांतून म्हातारी माणसं येत. कोणाची सोबत पहिल्या दिवशी यायची आणि पेरणीचे दिवस म्हणून निघून जायची. कोणासोबत मुळातच कोणी नसे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पट्टी सोडायचे, नजर यायची, आणि तो माणूस इकडे बघे, तिकडे बघे. "त्याले दिसे सगळं बाई, पण पाहाले कोणी नसे. मंग मी समोर जाऊन उभा राहो. फार्मावरबी माहंच नाव टाको. कोणाचा भाऊ, कोणाचा पुतण्या. तीस वर्सांत माहे किती नातलग झाले, मले मोजता नाई याचे."

हे सांगून त्यांनी मला टिकलीची बरणी दिली आणि किल्ल्याबद्दल पुन्हा एकदा रागावले. घरी जाऊन मी आधी किल्ला काढला.

यानंतरची गोष्ट सप्टेंबरातली. बऱ्या झालेल्या पेशंटांच्या घरी ते महिन्यातून एकदा फेरी मारत. आमच्याकडे आले, टाकीसमोर बसले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मी शंकरपाळे ठेवले. त्यांनी हात लावला नाही.

"बाई, फूल पडलं."

"कुठे?"

"डोयात. दोन्ही."

दोन्ही! मी कानकोंडी झाले. माझ्या घरचं पाणी! दर आठवड्याला मी स्वतः नळीने तळ साफ करत होते, पाणी शिळं करून घालत होते, मिरचीचा डबा फळीवर टाकून दिला होता. फूल म्हणजे बुबुळावर धरलेलं पांढरं. मला टिकलीचे डोळे स्वच्छ दिसत होते, पण तीस वर्षं डोळ्यांत काढलेल्या माणसासमोर माझं काय चालणार? टिकली पुन्हा भरती झाली.

त्याच आठवड्यात शेठ भरती झाला. फूल, दोन्ही डोळे. पुढच्या आठवड्यात काकूंचे दोन्ही पट्टेवाले. दोन दोन डोळे. राजू खचला. त्याने पानठेल्यावर तंबाखूचा वास येतो म्हणून शेठची टाकी घरी हलवली होती. काकूंनी सुनेशी भांडण उकरून काढलं, की पाण्यात तूच काहीतरी टाकलं. तुळशीरामभाऊंनी पाटीवर तिसरी ओळ लिहिली : 'साथ आहे. काळजी घ्यावी.'

अक्षर जरा वाकडं आलं होतं. मी मास्तरीण असून ते मनात घेतलं नाही.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, कोणाला डिस्चार्ज नाही. तुळशीरामभाऊ रोज कापड उचलून बघत आणि मान हलवत. "धुकं हाये अजून." दसरा गेला. दोन डोळ्यांच्या पेशंटच्या घरी टाकी रिकामी असली तरी फोडणी बंद, म्हणून आमच्या घरात मुगाची खिचडी नांदत होती. रेवतीचं दिवाळीचं तिकीट निघालं. "टिकली कशी आहे?" तिने फोनवर विचारलं. "दवाखान्यात आहे," असं मी म्हणाले आणि लगेच तिच्या तिकिटाचा विषय काढला.

शेवटी अविनाशचा संयम सुटला. ताट पुढे सरकवून तो म्हणाला, "माशाच्या डोयापायी माणसानं किती दिवस आजाऱ्याचं जेवावं? मले फोटो दे तिचा." मी चार वाजताच्या वेळी मोबाइलवर टिकलीचा जवळून फोटो काढला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन अविनाश अकोल्याच्या मासेवाल्याकडे गेला. तिथूनच त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"तो म्हणते, डोयात काहीच नाही. काच आहे काच. म्हणते, ज्यानं फूल पाहिलं त्याला म्हणा चष्मा बदला. आज संध्याकाळी ठेचा कर."

मी फोन ठेवला आणि आधी मला राग आला. दीड महिना! दीड महिना या माणसाने आम्हाला ओट्यावर बसवलं, काकूंच्या सुनेला बोल खायला लावले, माझ्या पाण्यावर संशय घेतला. चार वाजेपर्यंत मला धीर निघाला नाही. तीनलाच तरातरा गेले. सगळ्यांसमोर नको, एकट्यालाच ऐकवू, एवढं मात्र ठरवलं.

ओट्यावर ते एकटेच होते. पाटीलच्या टबाजवळ. टक टक करून त्याला खाऊ घालत होते. माझी चाहूल लागली तसे उठले आणि दोन पावलांवरच्या स्टुलावर आदळले. काल राजूने ते तिथे सरकवलं होतं.

"कोणं हलवलं हे?" ते एकदम ओरडले. मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. "किती खेपा सांगतलं, जागेवरची वस्तू हलवत नका जाऊ!"

नडगी चोळत ते उभे होते. तेव्हाही मला कळलं नाही. मी आपली आयुधं परजून आलेली. मोबाइल काढला, टिकलीचा डोळा बोटांनी मोठा केला, एवढा की सगळ्या पडद्यावर एक काळाभोर चकचकीत मणी, आणि त्यांच्यापुढे धरला.

"दाखवा यात फूल."

त्यांनी मोबाइल हातात घेतला. लांब धरला. जवळ आणला. मान डावीकडे, मान उजवीकडे.

"हे काय," ते म्हणाले. "याच्यातबी धुकं हाये."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. ते स्टूल मी उचलून त्याच्या नेहमीच्या जागी ठेवलं आणि त्यावर बसले.

"भाऊ," मी म्हणाले, "एक डोया का दोन?"

त्यांनी मोबाइल मला परत दिला. "दोन," ते म्हणाले. "उन्हाळ्यापासून. डावा जास्ती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्सं मोतीबिंदूत गेले बाई, मले नाई समजन? मासोयीत धुकं हाये का माह्या डोयात, येवढंच समजेनासं झालं. अन् दिसत नसतानी सुट्टी कशी देऊ? आत फूल असन अन् मी साफ म्हणून सोडलं तं? खोटी सुट्टी मी कोणाले देल्ली नाही."

"पण मग ऑपरेशन का नाही केलं? सगळे डॉक्टर तुमच्या ओळखीचे."

ते आत गेले. हाताने भिंत, मग कपाट, मग कपाटाचा खण, असं सगळं जागच्या जागी चाचपत गेले आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आले. दवाखान्याचा फॉर्म. मे महिन्यात आणलेला. नाव, वय, पत्ता, कोणता डोळा, सगळं भरलेलं. अक्षर ओळीच्या खाली खाली घसरत गेलेलं. एक रकाना कोरा : 'रुग्णासोबत राहणाऱ्याचे नाव व नाते'.

"पुतणे?" मी विचारलं.

"चांगले हायेत पोरं. बोलावलं तं येतीन. पण आधी लावणी, मंग दसऱ्याचा झेंडू, आता दिवाळीचा. याच दिवसांत त्याइच्या घरात लक्ष्मी येते. माह्या एका डोयापायी कायले तोडणी सोडाले लावू?" जरा थांबून म्हणाले, "अन् खरं सांगू का बाई? तीस वर्सं दवाखान्याच्या भरतीच्या खिडकीजवळ उभा राहून मी लोकायले इचारलं, सोबत कोण. आता मले इचारतीन. मले त्याचीच लाज वाटे."

चार वाजले. राजू आला, काकू आल्या. मी त्यांना सांगितलं. तुळशीरामभाऊ चहाच्या निमित्ताने आत जाऊन बसले. राजू एवढंच म्हणाला, "म्हंजे शेठचे डोये चांगले हायेत?" आणि मग स्वतःचीच शरम वाटून कान पकडले. काकू म्हणाल्या, "आता सुनेची माफी मागा लागीन. त्यापरीस ऑपरेशन सोपं."

सोमवारी आम्ही गेलो. खिडकीतल्या मुलीने फॉर्म बघितला, रकान्यावर पेन ठेवलं आणि विचारलं, "पेशंटसोबत कोण?"

"मी," मी म्हणाले.

"नातं?"

आता बघा. दीड महिना रोज एकच शब्द कानावर पडलेला. मी एरवी वर्गात उत्तर देण्याआधी विचार करा असं मुलांना सांगते.

"पेशंटची माय," मी म्हणाले.

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षांची मी. मग घरूनच कपाळावर चिकटपट्टी लावून आलेल्या सदुसष्ट वर्षांच्या पेशंटकडे बघितलं. राजू फसकन हसला. काकू हसल्या. तुळशीरामभाऊ सुद्धा इतके हसले की नर्स येऊन रागावली, ऑपरेशनच्या आधी हलू नका म्हणून. शेवटी त्या मुलीनेच आपल्या मनाने 'शेजारी' असं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या डोळ्याची पट्टी सोडायची होती. मी शाळेत रजा टाकली होती. डॉक्टर यायच्या आधीच मी खाटेसमोर जाऊन उभी राहिले, वाकून, तोंड जवळ आणून, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे. माझ्या एका खांद्यामागे राजू, दुसऱ्या खांद्यामागे काकू. पट्टी निघाली. तुळशीरामभाऊंनी डोळा मिचकावला, पाणी आलं, पुन्हा मिचकावला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुमचे केस पांढरे झाले व. मी तं कायेच समजून राहिलो होतो."

त्या दुपारी घरी आल्यावर, विश्रांती घ्या म्हणून आम्ही कितीही सांगितलं तरी, डोळ्यावरची दवाखान्याची हिरवी झापड वर करून ते टबाटबांतून फिरले. कापड उचलत आणि एकेकाला सोडत. टिकली, साफ. शेठ, साफ. दोन्ही पट्टेवाले, साफ. अर्ध्या तासात सगळा वॉर्ड रिकामा झाला. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी सुट्टी असं लिहिलं. पाटील तेवढा राहिला. त्याच्याकडे ते जरा जास्त वेळ बघत होते. "तुले पयल्यांदा नीट पाहून राहिलो बे," असं त्याला म्हणाले.

रेवती दिवाळीला आली. टिकली जिवंत होती आणि आम्हीही होतो. अविनाशने पहिल्या दिवशी इतका ठेचा करायला लावला की मिरच्या परतताना मलाच खोकत बाहेर पळावं लागलं.

वॉर्ड रिकामा झाला तरी चार वाजता माझे पाय मागच्या गल्लीकडे वळायचे ते वळलेच. थेंब टाकायचे होते ना, दिवसातून चार वेळा, आणि हे गृहस्थ माशाच्या डोळ्याला हात लावू देत नाहीत, तर स्वतःच्या डोळ्याला काय लावणार! पहिल्या दिवशी मी गेले तर राजू आधीच येऊन बसला होता आणि काकू चहात आलं किसत होत्या. रिकामे टब धुऊन उपडे घातलेले. तुळशीरामभाऊ आमच्याकडे बघत होते, एकेकाकडे, हाताकडे, हातात बरणी आहे का ते.

"पेशंट कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"वर बघा," मी म्हणाले आणि थेंब टाकला.

परवा ते आमच्या घरी आले. एकटेच, गल्ली ओलांडून, कोणाचा हात न धरता. उजव्या डोळ्याचा फॉर्म घेऊन आले होते. या वेळी एकही रकाना कोरा नव्हता. अक्षर ओळीवर सरळ बसलेलं. सोबत राहणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव, आणि त्यापुढे नात्याच्या रकान्यात, रजिस्टरमध्ये लिहायचे तसंच विचारपूर्वक, एक शब्द : माय.

"चालीन ना बाई?" ते टाकीकडे बघत म्हणाले. "ते पोरगी 'शेजारी' लिवते. बरं नाई वाटत."

मी इतकी वर्षं लाल पेन हातात घेऊन लोकांच्या चुका काढत आले. माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठ्या माणसाने लिहिलेला तो शब्द मी तसाच ठेवला. डोळे भरून आले होते, खालची ओळ नीट दिसत नव्हती, तरी सही केली.

त्यांनी फॉर्म उचलला, सही तपासली आणि निघता निघता टाकीत वाकून बघितलं.

"किल्ला पुन्हा ठेवला का?" ते म्हणाले.